कळ एक, संकेत अनेक

भारतात तारसेवा चालू होती त्या काळी सणावाराला किंवा लग्नकार्याला शुभेच्छेची तार करणे ही घरोघरची रीत होती. अशा तारांसाठी तारखात्याने काही ठरावीक वाक्ये छापून ठेवलेली असत आणि प्रत्येक वाक्याला एक क्रमांक दिलेला असे. तार करणाराने केवळ क्रमांक सांगावा, यंत्रावरून तो क्रमांकच जावा आणि पलीकडच्या गावच्या तारमास्तराने आपल्याजवळच्या यादीत पाहून त्या क्रमांकापुढचे वाक्य कागदावर उतरवून द्यावे, असा तो व्यवहार होता. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली आणि तिच्याबरोबर हा व्यवहारही संपला. परंतु त्यातील एक गोष्ट आजही ध्यानात घेण्यासारखी आहे. तारेतून वाक्य जात नसे, क्रमांक जात असे. दोन्ही गावच्या याद्या एकसारख्या होत्या म्हणूनच दिवाळीच्या शुभेच्छा दिवाळीच्या राहिल्या. एखाद्या गावी जुनी यादी राहून गेली असती, तर परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाला विवाहाचे आशीर्वाद मिळाले असते, आणि त्यात तारमास्तराचा काडीइतकाही दोष नसता.

संगणकाच्या कळफलकाचा व्यवहार पुष्कळ अंशी असाच चालतो. कळ दाबली म्हणजे यंत्रात अक्षर किंवा क्रिया जात नाही, एक अंक किंवा अंकांची लहानशी माळ जाते. त्या अंकाचा अर्थ काय हे पलीकडे असलेल्या यादीवरून ठरते. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतच्या अक्षरांच्या बाबतीत, त्याचप्रमाणे रोमन अक्षरांच्या बाबतीत, ही यादी आता जगभर एक झाली आहे. परंतु कळफलकावर अक्षरांखेरीज इतरही कळा असतात. मागचे अक्षर पुसणारी कळ, पुढचे अक्षर खोडणारी कळ, ओळीच्या आरंभी व शेवटी नेणाऱ्या कळा, चार दिशांचे बाण आणि वरच्या रांगेतील एफ-१पासून एफ-१२पर्यंतच्या कळा ही त्यांची उदाहरणे होत. या कळांची यादी मात्र अद्याप एक झालेली नाही. ती का झाली नाही, आणि ती एक नसल्यामुळे काय घडते, हा मोठा बोधप्रद इतिहास आहे.

त्याचा आरंभ कागदाच्या फितीपासून होतो. १९६० नंतरच्या दशकात संगणकाशी बोलावयाचे तर दूरमुद्रकाच्या द्वारे बोलावे लागे. हे यंत्र टंकलेखनयंत्रासारखे दिसे, कागदावर अक्षरे उमटवी आणि जोडीला कागदी फितीवर भोकेही पाडी. अक्षरांचे अंक ठरविणारी आस्की नावाची अमेरिकन संकेतावली १९६३ साली प्रसिद्ध झाली व १९६७ मध्ये सुधारली गेली. तिच्यात शून्यापासून १२७पर्यंत १२८ अंक आहेत. त्यांपैकी दोन अंकांचा या कथेशी संबंध आहे. ८ हा अंक 'बॅकस्पेस' म्हणजे एक घर मागे सरकण्याचा, आणि १२७ हा 'डिलीट' म्हणजे खोडून टाकण्याचा.

ज्यांनी जुन्या टंकलेखनयंत्रावर काम केले आहे त्यांना या दोहोंतील भेद सहज उमजेल. त्या यंत्रावरील बॅकस्पेसची कळ अक्षर पुसत नसे. ती कागद धरणारा गाडा एक घर मागे आणी, इतकेच. शब्दाखाली रेघ ओढण्यास तिचा उपयोग होई. खोडण्याची क्रिया निराळी होती. फितीवर चुकीचे अक्षर पडले तर भोके बुजविता येत नसत, परंतु वाढविता येत असत. म्हणून फीत एक घर मागे घेऊन त्या जागी सर्वच्या सर्व भोके पाडीत, आणि वाचणाऱ्या यंत्राने अशी पूर्ण भोकांची जागा वगळावी असा संकेत होता. सातही ठिकाणी भोके म्हणजे द्विमान पद्धतीने १२७. अशा रीतीने मागे सरकणे व खोडणे या दोन वेगळ्या क्रियांना दोन वेगळे अंक मिळाले, आणि त्या काळापुरते ते अगदी योग्य होते.

पुढे कागदाच्या जागी काचेचा पडदा आला. पडद्यावर मागे सरकणे आणि खोडणे यांत फरक राहिला नाही, कारण लिहिणाऱ्याला दोन्ही एकदमच हवे असते. एका कळेने एक काम करावयाचे, परंतु त्यासाठी अंक दोन उपलब्ध, अशी स्थिती उत्पन्न झाली. निरनिराळ्या कारखान्यांनी निरनिराळी निवड केली. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली व्हीटी-१०० व १९८३ साली व्हीटी-२२० ही टर्मिनले बाजारात आणली. व्हीटी-२२०च्या कळफलकावर मागचे अक्षर पुसणारी जी कळ होती ती १२७ हा अंक पाठवी. इकडे १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर त्याच जागच्या कळेला ८ हा अंक मिळाला. दोन्ही घराणी पुढे जगभर पसरली आणि त्यांचा हा भेदही त्यांच्याबरोबर पसरला.

केवळ पुसण्याच्या कळेपुरतीच गोष्ट असती तर ती एव्हाना मिटली असती. परंतु बाण व एफ-रांगेतील कळा यांना आस्कीमध्ये अंकच नव्हते. त्यांच्यासाठी २७ हा 'एस्केप'चा अंक आधी पाठवावयाचा आणि त्यामागून एकदोन चिन्हे पाठवावयाची, अशी युक्ती निघाली. ती चिन्हे कोणती हे ज्याचे त्याने ठरविले. १९७६ साली युरोपातील संगणक-उत्पादकांच्या संघटनेने एक्मा-४८ हे मानक प्रसिद्ध केले आणि १९७९ साली अमेरिकेतही त्याच धर्तीचे मानक निघाले. त्यांनी पुष्कळ गोंधळ निवारला. तथापि त्यांचा भर संगणकाने पडद्याला काय सांगावे यावर होता. पडदा कसा पुसावा आणि अक्षर कोठे उमटवावे, हे त्यात ठरले. अमुक नावाच्या कळेने संगणकाला अमुकच संकेत पाठवावा, असा निर्बंध मात्र कोणावर पडला नाही. पडद्याच्या भाषेला व्याकरण मिळाले, कळफलकाची भाषा रूढीवर राहिली.

दरम्यान प्रोग्राम लिहिणारांपुढे व्यावहारिक अडचण उभी होती. बाजारात टर्मिनलांचे शेकडो प्रकार होते. प्रत्येकासाठी स्वतंत्र प्रोग्राम लिहिणे अशक्य होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत बिल जॉय यांनी १९७८ साली यावर उपाय काढला. प्रत्येक टर्मिनलाचे वर्णन एका कोशात लिहून ठेवावयाचे. प्रोग्रामने टर्मिनलाचे नाव विचारावे, कोशात ते नाव शोधावे आणि तेथे दिल्याप्रमाणे वागावे. या कोशाचे नाव 'टर्मकॅप'. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी मार्क हॉर्टन यांनी बेल प्रयोगशाळेत त्याचीच अधिक सुघटित आवृत्ती 'टर्मइन्फो' या नावाने तयार केली. आज लिनक्स व तत्सम प्रणालींत जो कोश वापरात आहे तो याच परंपरेतला असून त्यात हजाराहून अधिक नोंदी आहेत. कल्पना अत्यंत सुंदर होती. नवे टर्मिनल आले की कोशात एक नोंद वाढवावी, प्रोग्रामाला हात लावण्याचे कारण नाही.

या योजनेचा आधार एका गृहीतावर होता. नाव सांगणारा खरे नाव सांगेल आणि त्या नावाचे वर्णन सर्वत्र एकच असेल, हे ते गृहीत. लोखंडी पेटीतील टर्मिनलांच्या काळात ते बव्हंशी खरे होते. पेटी कारखान्यातून आली म्हणजे तिचा कळफलक बदलत नसे. पुढे टर्मिनलांची जागा त्यांची हुबेहूब बतावणी करणाऱ्या प्रोग्रामांनी घेतली. यांना टर्मिनल एम्युलेटर म्हणतात. संगणकाच्या पडद्यावर एक खिडकी उघडते आणि ती आपण व्हीटी-१०० किंवा त्याच्या कुळातील टर्मिनल असल्याचे सोंग वठविते. यांपैकी सर्वांत प्रसिद्ध 'एक्सटर्म' हा प्रोग्राम १९८४ सालचा आहे.

सोंग वठविणाराला नाव घ्यावेच लागते. एक्सटर्मच्या मागून डझनावारी एम्युलेटर आले. त्यांनी स्वतःचे नवे नाव घेतले असते तर ते नाव जुन्या संगणकांच्या कोशांत सापडले नसते आणि वापरणाराची अडचण झाली असती. म्हणून पुष्कळांनी सरळ 'एक्सटर्म' हेच नाव सांगण्यास आरंभ केला. नाव एक झाले, पण वागणूक एक झाली नाही. शिवाय खुद्द एक्सटर्मही काळाबरोबर बदलला. त्याच्या एका पिढीत एफ-१ ही कळ एस्केपनंतर कंस, ११ हा आकडा व एक नागमोडी चिन्ह पाठवी. पुढच्या पिढीत तीच कळ व्हीटी-१००च्या रीतीने एस्केपनंतर 'ओ' व 'पी' ही अक्षरे पाठवू लागली. लिनक्सचा मूळ काळा पडदा त्याच कळेसाठी तिसरीच माळ पाठवितो. तिन्ही पक्षांची बाजू बरोबर आहे, कारण चूक ठरविणारा नियमच नाही.

ओळीच्या आरंभी नेणाऱ्या 'होम' कळेची कथा याहून मनोरंजक आहे. व्हीटी-२२०च्या कळफलकावर होम व एण्ड या नावांच्या कळाच नव्हत्या. तेथे सहा कळांचा एक गट होता आणि त्यांना १ ते ६ असे आकडे दिलेले होते. पहिली 'शोधा' या अर्थाची आणि चौथी 'निवडा' या अर्थाची होती. वैयक्तिक संगणकाच्या कळफलकावरही तशाच जागी सहा कळांचा गट आहे, परंतु त्यांतील दोन होम व एण्ड आहेत. लिनक्सच्या पडद्याने 'शोधा' व 'निवडा' यांचे आकडे उचलून होम व एण्ड यांना दिले. एक्सटर्मने आकड्यांऐवजी 'एच' व 'एफ' ही अक्षरे वापरली. दुसऱ्या एका एम्युलेटरने ७ व ८ हे आकडे घेतले. मूळ कळफलकावर नसलेल्या कळेचे संकेत ठरवावयाचे म्हटल्यावर प्रत्येकाने आपापल्या बुद्धीप्रमाणे ठरविले, यात नवल नाही.

बाणांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. व्हीटी-१००चे बाण दोन रीतींनी बोलत. साध्या स्थितीत वरचा बाण एस्केपनंतर चौकटी कंस व 'ए' पाठवी. प्रोग्रामने विनंती केल्यास तोच बाण कंसाऐवजी 'ओ' पाठवू लागे. एक्सटर्मच्या नोंदीत दुसरी रीत लिहिलेली आहे, आणि ज्या प्रोग्रामला बाण हवे असतील त्याने आधी विनंती करावी अशी अपेक्षा आहे. एखादा प्रोग्राम कोश वाचतो, परंतु विनंती करावयास विसरतो. मग कोशात जे लिहिले आहे ते येत नाही आणि जे येते ते कोशात नाही. वापरणारा बाण दाबतो आणि ओळीत अनाहूत चिन्हे उमटतात.

हा सारा तपशील ऐकून कोणी म्हणेल की चार चिन्हे जास्त उमटली तर बिघडले काय? परंतु बिघडते ते नेमके जेथे सावधगिरी सर्वाधिक हवी तेथे. रेल्वेचे आरक्षण, बँकांचे हिशेब, रुग्णालयांच्या नोंदी ज्या संगणकांत असतात, त्यांची पुष्कळशी देखभाल आजही टर्मिनलच्या खिडकीतून केली जाते. मध्यरात्री बंद पडलेले यंत्र सुरू करण्यासाठी कर्मचारी दूरच्या गावाहून जोडणी करतो. आज्ञा लिहिताना एक अक्षर चुकते, तो पुसण्याची कळ दाबतो आणि अक्षर पुसले जाण्याऐवजी एक टोपीसारखे चिन्ह व 'एच' हे अक्षर उमटते. निदान ते दिसते तरी. परवलीचा शब्द लिहिताना पडद्यावर काहीच दिसत नाही. तेथे पुसण्याची कळ न पुसता शब्दातच एक अदृश्य अक्षर म्हणून शिरते. शब्द बरोबर असूनही नाकारला जातो आणि काही यंत्रे तर तीन-चार प्रयत्नांनंतर दारच बंद करतात.

सर्वांत विलक्षण प्रकार धारिकांच्या नावांत घडतो. समजा, एखाद्याला रोमन लिपीत 'पगार' असे नाव धारिकेला द्यावयाचे आहे. शेवटचे अक्षर चुकले, त्याने पुसण्याची कळ दाबली आणि योग्य अक्षर लिहिले. यंत्राने त्या कळेचा ८ हा अंक ओळखला नाही, तर चुकीचे अक्षर, ८ हा अंक आणि बरोबर अक्षर ही तिन्ही नावात जातात. पुढे जुन्या प्रणालींत यादी मागितली असता पडदा चुकीचे अक्षर दाखवितो, ८ आला म्हणून एक घर मागे येतो आणि त्यावर बरोबर अक्षर ठेवतो. यादीत 'पगार' हे नाव निर्दोष दिसते, परंतु त्या नावाने धारिका मागितली तर यंत्र म्हणते की अशी धारिका नाही. डोळ्यांना दिसणारी वस्तू हाताला न सापडावी, अशातला हा प्रकार आहे. अलीकडच्या प्रणाली अशी लपलेली चिन्हे उघड करून दाखवितात, हा अनुभवातून आलेला शहाणपणा होय.

पुसण्याच्या कळेचा वाद विशेष चिवट होण्याचे कारण असे की तेथे एकाच वेळी तिघांचे एकमत व्हावे लागते. खिडकी जो अंक पाठविते तो एक. प्रणालीचा जो भाग कळफलकाकडून आलेले अंक प्रथम स्वीकारतो, त्याची 'पुसणे म्हणजे अमुक अंक' ही स्वतःची समजूत, ती दुसरी. कोशातील नोंद ही तिसरी. ही दुसरी समजूत किती ऐच्छिक असते याचे उदाहरण म्हणजे आरंभीची युनिक्स प्रणाली. कागदी टर्मिनलांच्या त्या काळात तिच्यावर '#' हे चिन्ह लिहिले की मागचे अक्षर रद्द होई आणि '@' लिहिले की सारी ओळ रद्द होई. आज ज्या चिन्हावाचून विद्युतपत्राचा पत्ता पुरा होत नाही, ते चिन्ह त्या यंत्रावर सगळी ओळ पुसून टाकी. त्यातच 'ईमॅक्स' या सुप्रसिद्ध लेखन-प्रोग्रामने ८ हा अंक मदत मागण्यासाठी राखून ठेवला होता. त्यामुळे चुकीच्या जोडणीवर अक्षर पुसावयास गेलेल्या मनुष्यापुढे साहाय्याची पाने उघडत.

या स्थितीत कोशकारांनी काय करावे? नोंद १२७ अशी लिहावी तर ८ पाठविणारे अडतात, ८ अशी लिहावी तर १२७ पाठविणारे अडतात. टर्मइन्फोच्या आजच्या मूळ ग्रंथात पुसण्याच्या कळेपुरता एक लहानसा तुकडा वेगळा काढून ठेवला आहे. या कळेने काय पाठवावे याविषयी ज्यांचे एकमत होत नाही त्यांच्यासाठी हा तुकडा आहे, अशा अर्थाचा शेरा त्यावर आहे. ज्याला जे हवे ते त्याने त्या एका ठिकाणी बदलावे, म्हणजे बाकीच्या नोंदींना धक्का लागत नाही. काही प्रणाली-वितरकांनी स्वतःच्या घरापुरता कायदा केला. डेबियन या लिनक्स-वितरणाच्या धोरणपत्रात स्पष्ट नियम आहे की बॅकस्पेसच्या कळेने मागचे अक्षर पुसावे व १२७ पाठवावा, आणि डिलीटच्या कळेने पुढचे अक्षर खोडावे व एस्केपने सुरू होणारी ठरावीक माळ पाठवावी. नियम एक आहे, सुटसुटीत आहे आणि सर्व प्रोग्रामांना सारखाच लागू आहे. त्याची मर्यादा एवढीच की तो त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत चालतो.

उंबरठा ओलांडला की पुन्हा शुभेच्छेच्या तारेची गोष्ट येते. दूरच्या संगणकाशी जोडणी करताना टर्मिनलाचे केवळ नाव पाठविले जाते. वर्णन जात नाही. दूरचा संगणक ते नाव स्वतःच्या कोशात शोधतो. तो कोश दहा वर्षांपूर्वीचा असेल, दुसऱ्या वितरकाने दुरुस्त केलेला असेल किंवा त्यात ते नावच नसेल. अलीकडच्या काही एम्युलेटरांनी प्रामाणिकपणे स्वतःचे वेगळे नाव घेतले, तर त्यांना जुन्या यंत्रांकडून 'हे टर्मिनल ओळखीचे नाही' असे उत्तर मिळते. उसने नाव घेणाराला दार उघडते, पण पुढे कळा चुकतात. खरे नाव सांगणाराला दारातच थांबावे लागते. उसनी नावे इतकी का रुळली, याचे उत्तर या व्यवहारातच आहे. विंडोज संगणकांवरून अशी जोडणी करण्यासाठी प्रचलित असलेल्या 'पुटी' या प्रोग्रामात तर एफ-रांगेच्या कळांकरिता निदान सहा पर्याय मांडून ठेवलेले आहेत. त्यांतील योग्य पर्याय निवडण्याचा भार शेवटी वापरणारावरच पडतो.

त्याच्या हाती काही साधने आहेत. कंट्रोल व 'व्ही' या कळा एकत्र दाबून मग शंकास्पद कळ दाबली, तर ती प्रत्यक्षात काय पाठविते ते पडद्यावर उमटते. कोशातील नोंद वाचून दाखविणारी आज्ञाही आहे. दोन्ही शेजारी ठेवली की तंटा कोठे आहे ते कळते. पुसण्याचा अंक प्रणालीला एका आज्ञेने समजावून देता येतो. याहून मूलगामी उपाय एक्सटर्मने व त्यानंतर इतर काहींनी अवलंबिला आहे. प्रोग्रामने कोशात न शोधता टर्मिनललाच विचारावे की अमुक कळेचा तुझा संकेत कोणता, आणि टर्मिनलाने उत्तर द्यावे. यात नावाचे महत्त्व कमी होते आणि साक्ष प्रत्यक्ष साक्षीदाराची घेतली जाते. परंतु ही रीत दोन्ही बाजूंना अवगत असेल तेथेच चालते. जुनी यंत्रे अजून पुष्कळ आहेत, आणि जेथे कोणी उत्तर देत नाही तेथे कोशाचाच आधार घ्यावा लागतो.

एका कळेच्या या चरित्रात कोणी दुष्ट नाही, कोणी आळशीही नाही. फितीला भोके पाडणाराने, टर्मिनल घडविणाराने, कोश रचणाराने, सोंग घेणाराने, प्रत्येकाने आपापल्या काळी समंजस निर्णय घेतला. कागद गेला, फीत गेली, लोखंडी टर्मिनलेही संग्रहालयांत गेली. परंतु त्यांच्यासाठी घेतलेले निर्णय मागे राहिले आणि आजच्या कळफलकावर एकमेकांशेजारी नांदत आहेत. कोणतीही नोंदवही, मग ती संगणकातील असो वा कचेरीतील, केवळ व्यवस्थित लिहिलेली आहे म्हणून खरी ठरत नाही. जिचे वर्णन केले आहे ती वस्तू बदलली की नाही, आणि त्या नावावर दुसराच कोणी वावरतो आहे की काय, हे अधूनमधून जाऊन पाहावे लागते. तारमास्तराजवळची यादी चालू सालची आहे ना, एवढे विचारून घेणे त्या काळीही शहाणपणाचे होते. आजच्या यंत्रांपुढे बसणाऱ्या माणसालाही तेवढाच प्रश्न विचारावयाचा आहे.